स्त्री-डिटेक्टिव्हची ऐतिहासिक रहस्यमालिका: कोणत्या क्रमाने वाचावी, कशी वाचावी?

प्रश्न थोडक्यात असा: स्त्री-डिटेक्टिव्ह असलेल्या एका ऐतिहासिक रहस्यमालिकेची दोन पुस्तकं वाचून झाली, सहा बाकी आहेत. वातावरण आवडतं, पण इतिहासाचं वर्णन आलं की भराभर पानं उलटली जातात आणि शेवटचा उलगडा आकाशातून पडल्यासारखा वाटतो. पुढची पुस्तकं कोणत्या क्रमाने आणि कशी वाचावीत? शिवाय चौथ्या पुस्तकाच्या मलपृष्ठावर नायिकेच्या लग्नाचा उल्लेख चुकून वाचला गेला, त्याने मजा गेली का?

पानं उलटली जाणं आणि उलगडा आकाशातून पडणं या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत. जी पानं तुम्ही उलटता, नेमका त्यांतच धागा पुरलेला असतो.

क्रमाचं आधी उरकून टाकू, त्यात खल करण्यासारखं फार नाही. प्रकाशनाच्या क्रमाने वाचा. मालिका चालली की लेखक बरेचदा मागे जाऊन नायिकेच्या तरुणपणाची एखादी गोष्ट लिहितात. कथेतल्या सालानुसार ती पहिली ठरते, म्हणून काही याद्या तिला पहिला क्रमांक देतात. त्या यादीच्या नादी लागू नका. ती गोष्ट लिहिताना वाचकाला पुढचं ठाऊक आहे असं लेखकाने धरलेलं असतं. तिसऱ्या पुस्तकात ज्या माणसाचे पाय मातीचे निघतात, त्याच्याबद्दल तिथे एखादं सूचक वाक्य सहज येऊन जातं. ती आठवी लिहिली गेली असेल तर आठवीच वाचा. पुस्तकाच्या शेवटी असणारं लेखकाचं टिपण शेवटीच वाचायचं, कारण खरं काय घडलं होतं आणि आपण काय बदललं हे सांगताना तिथे गुन्ह्याचं मूळ सर्रास फोडलेलं असतं. सुरुवातीची पात्रयादी मात्र खुशाल बघा, हवी तर नकलून ठेवा.

आता खरा मुद्दा. या प्रकारात इतिहास हा नाटकाच्या मागचा रंगवलेला पडदा नसतो, तो खेळाचा नियम असतो. बुद्धिबळात उंट तिरकाच चालतो म्हणून डाव रंगतो. तसं नायिकेला त्या सालात काय करता येत नाही, हे ठाऊक असलं की प्रत्येक प्रकरण डावातली चाल वाटू लागतं. म्हणून प्रत्येक पुस्तकाला पहिला प्रश्न हाच विचारा: हिला कुठे शिरता येत नाही, आणि ती नेमकी काय म्हणून तिथे शिरली?

पोलिसांचा बिल्ला हे सहसा उत्तर नसतंच. लंडन पोलिसांचा पहिला डिटेक्टिव्ह विभाग १८४२ मध्ये आठ पुरुषांचा बनला. पोलिसांसाठी तपास करणाऱ्या नायिका १८६४ मध्ये लंडनच्या पुस्तकांत अवतरल्या, पण इंग्लंडमध्ये अटकेचा अधिकार असलेली पहिली स्त्री-पोलीस, ग्रँथमची ईडिथ स्मिथ, नेमली गेली १९१५ मध्ये. लंडनच्या स्त्री-पोलिसांना तो अधिकार मिळायला १९२३ उजाडलं. म्हणजे कल्पनेतली बाई खऱ्या बाईच्या अर्धशतक पुढे होती. अमेरिकेत खासगी संस्थेच्या वाटेने हे लवकर झालं. केट वॉर्न १८५६ मध्ये शिकागोच्या पिंकर्टन या खासगी डिटेक्टिव्ह संस्थेत लागली आणि १८६१ मध्ये लिंकनला बाल्टिमोरमधून सुखरूप नेण्याच्या कामगिरीत होती. तेव्हा नायिका १८८० च्या लंडनमध्ये कुणाला बेड्या घालत असेल तर लेखक घसरला. ती खासगी संस्थेसाठी पाळत ठेवत असेल तर गोष्ट पटण्यासारखी आहे, कारण इंग्लंडच्या १८५७ च्या घटस्फोट कायद्यानंतर व्यभिचाराचे पुरावे जमवण्याचं काम भरपूर निघालं. त्यातही कायदा लंगडा. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार तेवढा दाखवायचा होता, बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य, परित्याग असं आणखी काहीतरी सिद्ध करावं लागे. ही असमानता १९२३ पर्यंत टिकली. अशा कथेत बायको डिटेक्टिव्हकडे आली की ती दुसरं काय सिद्ध करायला निघाली आहे ते बघा. खुनाचा हेतू बरेचदा तिथेच असतो.

नायिका विधवाच का, असा कंटाळवाणा प्रश्न वाचकांना नेहमी पडतो. लेखक आळशी असतात हे थोडंफार खरं, पण मूळ कारण कायद्यात आहे. इंग्रजी कायद्यात लग्न झालं की स्त्रीची स्वतंत्र कायदेशीर ओळख नवऱ्याच्या ओळखीत विरून जायची. तिची कमाई तिची स्वतःची मानली जाऊ लागली १८७० च्या कायद्याने, आणि मालमत्ता पूर्णपणे तिच्या हातात आली १८८२ च्या कायद्याने. करार करणं, घर भाड्याने घेणं, फी घेऊन पावती देणं हे विधवेला आणि अविवाहितेला आधीपासून करता येत होतं. पण अविवाहित तरुणी एकटी फिरली की बभ्रा, विधवा फिरली तर काळ्या कपड्यांचं कवच. त्यात इंग्लंडच्या वरच्या थरात विधवेचा शोक साधारण दोन-अडीच वर्षं चाले आणि कपड्यांचा काळेपणा टप्प्याटप्प्याने उतरत जाई. लेखिकेने करड्या आणि जांभळट रंगावर अर्धं पान खर्च केलं असेल तर ती शिंपीकाम शिकवत नाहीये. नवरा केव्हा गेला, ते ती सांगते आहे. त्या तारखेशी एखाद्या पात्राचं म्हणणं जुळत नसेल तर पेन्सिलीने खूण करा.

मठातली नायिका असेल तर वर्ष १२९८ लक्षात ठेवा. त्या साली पोप आठव्या बोनिफेसने फर्मान काढून जोगिणींनी मठाबाहेर पडू नये असा सक्त नियम केला. नियम कागदावर होता आणि सगळीकडे सारखा पाळला गेला नाही. मठाच्या जमिनीची कामं, आजारपण, वरिष्ठांची परवानगी अशा सबबी निघत. म्हणूनच त्यानंतरच्या काळातल्या जोगिणीला प्रत्येक फेरीसाठी सबब लागते आणि ती कोणी दिली याला महत्त्व येतं. दर दुसऱ्या प्रकरणात ती कुणाला न विचारता बाजारात दिसत असेल तर पुस्तकाकडून फार अपेक्षा ठेवू नका. इंग्लंडमध्ये १५४० नंतर तर हा प्रश्नच उरत नाही. १५३६ पासूनच्या चार वर्षांत मठच बंद केले गेले.

भारतातल्या इंग्रजी राजवटीची पार्श्वभूमी असेल तर या प्रकाराला सर्वांत सुपीक जमीन मिळते असं माझं ठाम मत आहे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तरतूद होती: अटकेसाठी झडती घेताना पडद्यात राहणाऱ्या स्त्रीची खोली लागली आणि अटक तिचीच करायची नसेल, तर आत शिरण्याआधी तिला बाहेर पडायची सूचना आणि पुरेशी सवड द्यायची. रहस्यकथेच्या दृष्टीने बघा. दारावर पोलीस उभे आणि पुरावा बुरख्याआडून त्यांच्याच समोरून कायदेशीरपणे चालत बाहेर! दिवाणी बाजूला अशा स्त्रियांना न्यायालयात प्रत्यक्ष हजर राहण्यातून सूट होती. त्यांनी सही किंवा अंगठा केलेल्या दस्तात मजकूर त्यांना समजला होता हे सिद्ध करण्याचा भार दस्ताचा फायदा घेणाऱ्यावर असे. मग तो मजकूर त्यांना कुणी समजावला, कुठल्या भाषेत, पडद्याच्या कुठल्या बाजूला बसून? पुरुष वकिलाला हे आत जाऊन विचारता येत नव्हतं. ही अडचण खरी होती, आणि त्यासाठीच नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींना १९०४ मध्ये कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या, म्हणजे अज्ञान वारस आणि अशा स्त्रियांची इस्टेट सांभाळणाऱ्या सरकारी खात्याच्या, कायदा-सल्लागार म्हणून नेमलं गेलं. त्यांनी ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली होती १८९२ मध्ये. पण भारतात स्त्रियांना वकिली करण्यातली आडकाठी १९२३ च्या कायद्याने दूर झाली. त्यामुळे १९२० च्या आसपासच्या कथेतली वकील नायिका दस्त तयार करते, घरात जाऊन माहिती काढते आणि न्यायालयात दुसऱ्या कुणाला तरी उभं करते. तो ‘दुसरा कुणीतरी’ कोण, त्याच्यावर तिचा किती भरवसा आहे, याकडे लक्ष द्या. मालिकेच्या पुढच्या भागांतले घोटाळे तिथून निघतात.

विषाकडे वळू, कारण अशा मालिकेत तीन-चार पुस्तकांत एक तरी विषप्रयोग ठरलेला. आर्सेनिक शरीरात सापडलं हे खात्रीलायकपणे दाखवणारी मार्शची चाचणी १८३६ ची. इंग्लंडच्या १८५१ च्या आर्सेनिक कायद्याने विक्रीची नोंदवही, गिऱ्हाइकाची सही, अनोळखी गिऱ्हाइकासाठी ओळखीचा साक्षीदार आणि किरकोळ विक्रीत पांढऱ्या भुकटीत रंग मिसळणं बंधनकारक केलं. प्रमाण होतं एका पौंडाला किमान एक औंस काजळी किंवा अर्धा औंस नीळ. आता पांढऱ्या साखरेत किंवा पिठात मिसळलेलं आर्सेनिक कुणालाच दिसलं नाही असं पुस्तक म्हणत असेल, तर विचारा: रंग न मिसळलेलं आलं कुठून? माशा मारायचे कागद भिजवून काढलं, की कारखान्यातून? या कायद्याच्या मसुद्यावर चर्चा चालू असताना स्त्रियांना आर्सेनिक विकूच नये असं कलम पुढे आलं होतं. तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने त्यावर हरकत घेतली आणि अंतिम कायद्यात ते आलं नाही. तरी वृत्ती राहिली. लिव्हरपूलच्या फ्लॉरेन्स मेब्रिकवर १८८९ मध्ये नवऱ्याला आर्सेनिक दिल्याचा खटला चालला. तिने माशांचे कागद भिजवले होते, चेहऱ्याच्या सौंदर्यप्रसाधनासाठी असं तिचं म्हणणं. शपथेवर साक्ष द्यायची सोयच तिला नव्हती. आरोपीला ती मुभा इंग्लंडमध्ये १८९८ च्या कायद्याने मिळाली. १८९८ आधीच्या कथेत आरोपी बाई न्यायालयात गप्प असेल तर ते लेखकाचं नाटक समजू नका.

ठसे आणि रक्त यांची सालं पुस्तकात खूण म्हणून ठेवायच्या कागदावरच लिहून ठेवा, सतत लागतात. बोटांच्या ठशांवरून खुनाचा छडा अर्जेंटिनात १८९२ मध्ये लागला, कलकत्त्याचं ठसे कार्यालय १८९७ चं, स्कॉटलंड यार्डचं १९०१ चं, आणि ब्रिटनमध्ये ठशांच्या आधारे खुनाची पहिली शिक्षा १९०५ ची. वाळलेला रक्ताचा डाग माणसाचा की जनावराचा हे खात्रीने सांगणारी चाचणी १९०१ मध्ये आली. त्याआधी संशयित ‘कोंबडी कापली होती’ म्हणाला की प्रयोगशाळेचे हात टेकले. मग नायिकेने काय करावं? त्या दिवशी स्वयंपाकघरात कोंबडी शिजली होती का, हे विचारावं. आणि हे तिला स्वयंपाकीण सांगते, इन्स्पेक्टरला सांगत नाही. चांगल्या लेखकाच्या हाती तंत्राची उणीव अशी नायिकेच्या पथ्यावर पडते. आळशी लेखक मात्र तिच्या हाती दहा वर्षं पुढची चाचणी देऊन मोकळा होतो.

वेळ आणि पैसा यांवर थोडक्यात. इंग्लंडमध्ये १७५२ पूर्वी कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे जुन्या दस्तावरची फेब्रुवारी १७०० ही आपल्या हिशेबाने १७०१ ची. मृत्युपत्राच्या तारखांवर चालणाऱ्या कथेत हा एकच धागा अख्खं कोडं सोडवू शकतो. भारतात १९०६ मध्ये प्रमाणवेळ आली, पण मुंबईने स्वतःची वेळ १९५५ पर्यंत ठेवली होती आणि ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती. आगगाडीच्या वेळेवर उभी असलेली कैफियत, आणि साक्षीदाराने पाहिलेलं शहरातलं घड्याळ! नाणी: एक पौंड म्हणजे २० शिलिंग म्हणजे २४० पेन्स, गिनी २१ शिलिंगांची. रुपया १६ आण्यांचा, म्हणजे ६४ पैशांचा, म्हणजे १९२ पैंचा. आजच्या पैशांत रूपांतर करत बसू नका, निष्फळ उद्योग आहे. त्याच पुस्तकात मोलकरणीचा वर्षाचा पगार कुठेतरी दिलेला असतो. त्या मापाने लाच, फी आणि वारसा मोजा.

प्रत्यक्ष वाचताना एका पुस्तकाला एक कागद पुरे. त्यावर साल, महिना, घराचा कच्चा नकाशा आणि त्यात नोकरांचा जिना कुठे ते काढा. नायिका प्रत्येक ठिकाणी काय म्हणून शिरली ते लिहा: शिवणकाम, शिकवणी, सांत्वन, सुईणपण, कागदपत्रं. समोर तिथे तिला कोण खोटं बोललं ते. हा दुसरा रकाना सर्वांत कामाचा, कारण बाईला कमी लेखून माणसं जे बोलून जातात त्यात खरं जास्त असतं, आणि तिला सावधपणे उत्तर देणारा माणूस तिला ओळखून असतो. पुस्तकाचा चार-पंचमांश भाग झाला की थांबा. चारशे पानांच्या पुस्तकात तीनशे विसाव्या पानाच्या आसपास. खुनी, हेतू आणि एक निर्णायक खूण लिहा. नाव बरोबर आलं आणि हेतू चुकला, तर ते चुकलंच समजा. या प्रकारात अंदाजाने नाव कुणीही लावतं, पण हेतू त्या काळाच्या कायद्यात किंवा रूढीत दडलेला असतो आणि तो हाती लागला की वाचन खरं रंगतं. ध्वनिपुस्तकाच्या रूपाने पहिल्यांदा ऐकणं टाळा. तारीख, पदवी आणि सारखी आडनावं कानांतून निसटतात, मागे जाणं जिवावर येतं.

नायिकेची मतं आजची आहेत का, याचीही एक चाचणी आहे. काळाच्या पुढचा विचार करणाऱ्या बायका प्रत्येक काळात होत्या, तेव्हा नुसत्या मतावरून लेखकाला धरू नका. त्या मताची किंमत ती मोजते का ते बघा. जेवणाच्या टेबलावर ती नोकरांच्या हक्कांवर बोलते आणि दुसऱ्या दिवशी सगळे तिला पूर्वीसारखेच बोलावतात, तर ती त्या काळाच्या वेषातली आजची बाई आहे. बोलावणं थांबलं, भाऊ पैसे बंद करतो, घरमालकीण खोली सोडायला सांगते, तर लेखक प्रामाणिक आहे आणि पुढच्या पुस्तकावर विश्वास टाकायला हरकत नाही.

मराठी अनुवाद वाचत असाल तर एक वेगळीच गंमत हाती येते, मूळ इंग्रजीत ती नाही. आपलं क्रियापद लिंग सांगून टाकतं. निनावी चिठ्ठीत ‘मी तिथे होतो’ असं आलं की निम्मे संशयित बाद. चतुर अनुवादक म्हणून ‘मी सगळं पाहिलं आहे’, ‘मला ठाऊक आहे’ अशी वाक्यं निवडतो. त्यात कर्त्याचं लिंग झाकलं जातं. चिठ्ठी फारच अवघडून लिहिलेली वाटली तर समजा, अनुवादक काहीतरी लपवतो आहे. तसंच तू-तुम्ही. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, त्यामुळे हा निर्णय अनुवादकाचा असतो आणि त्याने अख्खं पुस्तक आधी वाचलेलं असतं. घरातली कारभारीण एरवी मालकांना ‘तुम्ही’ म्हणते आणि एकाच घाबरलेल्या वाक्यात ‘तू’वर येते, तर तो छापखान्याचा दोष नसण्याची शक्यता बरीच. पण एका पुस्तकात दोनदा फसलात की या खुणेवर विसंबू नका. सगळे अनुवाद इतक्या काळजीने झालेले नसतात.

दोन पुस्तकांमध्ये निदान दोन-तीन आठवडे जाऊ द्या. ओळीने वाचली की लेखकाच्या सवयी उघड्या पडतात. दुसऱ्या प्रकरणात मदत करणारा गोडबोल्या माणूस दर वेळी गुन्हेगार निघतो हे चौथ्यांदा कळलं की कोडं संपतं. आठ पुस्तकांच्या मालिकेत मधली एक-दोन ढिली असतातच, बहुधा नायिकेला परदेशी पाठवलेली. नियम बदलतात आणि लेखकाची नव्या नियमांवर पकड नसते. तसं एखादं अर्ध्यावर सोडलंत तरी शेवटची तीस पानं चाळा, घरातल्या माणसांचे बदल तिथे असतात.

राहिलं मलपृष्ठावरचं लग्न. त्याने काही बिघडलेलं नाही, उलट तिसरं पुस्तक वाचायला हातात एक हत्यार आलं. कथेचं साल १८७० च्या आधीचं आणि ठिकाण इंग्लंड असेल, तर लग्नाच्या दिवसापासून तिची फी कायद्याने नवऱ्याची होते, तिच्या नावचा करार लटका पडतो आणि नवऱ्याविरुद्ध फौजदारी खटला उभा राहिला तर एरवी तिची साक्ष चालत नाही. मग एवढी हुशार बाई हे सगळं समजून होकार का देते? तिसऱ्या पुस्तकात पैशांचा, सहीचा आणि साक्षीचा प्रत्येक उल्लेख हा प्रश्न मनात ठेवून वाचा. साल १८८२ नंतरचं असेल तर पैशांची भीती उरत नाही, आणि नवरा पोलिसांतला असण्याची शक्यता वाढते. तसं झालं तर चौथ्या पुस्तकात ती घरी आणलेले कागद उघड्यावर ठेवते की कुलपात, एवढं बघायला विसरू नका.